आधी रॉड, मग कापड: मनीषनगरच्या फ्लॅटच्या पडद्यांचं माप

ताई, तुम्ही लिहिलंय की मनीषनगरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय आणि दिवाळीच्या आत राहायला जायचंय. हॉलची खिडकी पश्चिमेला, ५ फूट रुंद आणि ४ फूट उंच, जमिनीपासून ३ फुटांवर. बेडरूमची खिडकी ४ बाय ४, तिच्यात उन्हाळ्यात कूलर बसणार. दुकानदाराने खिडकीचं माप विचारलं, तुम्ही सांगितलं आणि त्याने लगेच किती मीटर लागेल ते काढून दिलं. आता एवढं कापड पुरेल का, की सरळ तयार पडदे आणावेत, हा तुमचा प्रश्न.

कापड अजून घेऊ नका. नागपूरच्या महाल भागात २६ वर्षं मी पडदे शिवतोय. फसलेले पडदे दुरुस्तीला येतात तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते, माप खिडकीचं घेतलेलं असतं. पडदा मात्र लटकतो रॉडवर. रॉड भिंतीवर किती उंचीवर, खिडकीच्या दोन्ही बाजूंना किती बाहेर, हे ठरत नाही तोवर पडद्याला मापच नसतं. म्हणून आधी रॉड बसवून घ्या. ते जमत नसेल तर निदान ब्रॅकेटच्या जागी पेन्सिलीने खुणा करा आणि मगच टेप हातात घ्या.

त्याच्याही आधी रिकाम्या घरात एकदा दुपारी जा आणि चार ते साडेपाच तिथे थांबा. ऊन कुठून आत येतं, कोणत्या भिंतीवर पडतं, सोफा ठेवायचा त्या जागी डोळ्यांवर येतं का, हे बघा. फक्त एक लक्षात ठेवा. आत्ता पावसाळा सरताना सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला मावळतो. मे अखेरीला तो उत्तरेकडे २३ अंशांच्या आसपास सरकलेला असतो. म्हणजे आज जे ऊन हॉलमध्ये सरळ येतंय, ते मेमध्ये खिडकीच्या उजव्या अंगाने, तिरपं आत शिरेल. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की उत्तर उजव्या हाताला येते. उजवीकडून आलेलं ऊन आत डावीकडे जातं, म्हणून डाव्या बाजूला रॉड खिडकीच्या बराच बाहेर गेला पाहिजे, नाहीतर पडदा ओढल्यावरही कडेच्या फटीतून उन्हाचा पट्टा आत येतो आणि दोन महिने रोज येत राहतो.

दिशांबद्दल आपल्याकडे एक चूक फार होते, म्हणून थोडं सांगतो. नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य डोक्यावर येतो, आपली सावली पायाशी गोळा होते. दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा सज्जा असला तरी त्या दिवसांत दुपारचं ऊन तिच्यात शिरत नाही. तरी लोक दक्षिणेला जाड पडदा लावतात आणि पश्चिमेला नुसती जाळी. दक्षिणेचं ऊन हिवाळ्यातलं. डिसेंबरात सूर्य दुपारीही ४५ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे ते खोलीत लांबवर येतं, आणि तेव्हा ते हवंहवंसं असतं. दक्षिणेचा पडदा म्हणूनच पूर्ण बाजूला सरणारा हवा. उत्तरेची खिडकी तर लोक मोजणीतच धरत नाहीत, पण मे-जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो तेव्हा संध्याकाळचं ऊन तिच्यातूनही येतं. तुमच्या बेडरूमची दिशा तुम्ही लिहिली नाही. ती उत्तरेला असेल तर हे ध्यानात असू द्या.

आता पडद्याकडून अपेक्षा किती ठेवायची तेही. ऊन काचेतून आत आलं की उष्णता खोलीत आलीच. आतला पडदा ती थोपवतो, काही परत पाठवतो, सगळी नाही. परत पाठवण्याचं काम पाठीमागचा रंग करतो. पडदा पुढून मरून असो की निळा, काचेकडची बाजू पांढरी किंवा मोतिया असली पाहिजे. गडद कापडाचा पडदा अस्तराशिवाय पश्चिमेला लावला तर कापडच तापतं. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता त्याला हात लावून पाहा, तव्याची आठवण होते. म्हणून पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावाच. आणि घराबाहेर, गॅलरीत किंवा ग्रिलच्या बाहेरून, बांबूची चिक किंवा हिरवी जाळी बांधता आली तर ती अवश्य बांधा. ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडवलं तर जो फरक पडतो, तो आतून कितीही महाग कापड लावून पडत नाही. मी पडदे विकतो तरी हे सांगतो, कारण हे खरं आहे. जुन्या घरांत वाळ्याच्या ताट्या बाहेरून लावून त्यांवर पाणी मारायचे, ते याचसाठी.

आता माप. टेप लोखंडीच घ्या. शिंप्याचा कापडी टेप ताणला जातो आणि सात फुटांत अर्धा-पाऊण इंचाचा फरक पाडतो. टेपचं एक टोक धरायला दुसरं माणूस हवं.

तुमच्या हॉलच्या खिडकीची रुंदी ६० इंच. रॉड दोन्ही बाजूंना किमान ८ इंच बाहेर जाऊ द्या, म्हणजे ७६ इंच. हे ८ इंच शोभेसाठी नाहीत. पडदा उघडला की तो कुठेतरी गोळा होणारच, मधल्या जाडीच्या कापडाच्या दोन पल्ल्यांचा गठ्ठा मिळून १० ते १२ इंच जागा घेतो. ती जागा भिंतीवर दिली नाही तर गठ्ठा काचेवर बसतो आणि ५ फुटांची खिडकी चार फुटांची होते. एका बाजूला कॉलम किंवा कपाट असेल आणि ८ इंच मिळत नसतील, तर दुसऱ्या बाजूला १२ इंच द्या आणि पडदा एकाच बाजूला सरकेल असा करा. दोन्ही बाजू सारख्या असल्याच पाहिजेत असं काही नाही.

उंची चौकटीच्या वर ६ इंच ठेवा. त्याआधी चौकटीवर बीम किती अंतरावर आहे ते बघा. नव्या फ्लॅटमध्ये खिडकीच्या डोक्यावरच काँक्रीट असतं, त्यात ड्रिल मारायला हॅमर ड्रिल आणि जाणता माणूस लागतो. कच्च्या हाताने मारलेलं भोक मोठं होतं, प्लास्टिकची गिट्टी सैल बसते, आणि अस्तरासकट पडद्याचं वजन पडलं की वर्षभरात ब्रॅकेट निघून येतो. रॉड ६ फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये तिसरा ब्रॅकेट हवाच. तुमचा ७६ इंचांचा आहे, म्हणजे हवाच. पडदा मधून दोन्हीकडे उघडणार असल्याने तो ब्रॅकेट आड येणार नाही.

आता लांबी. रॉडच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत तीन ठिकाणी मोजा, डावीकडे, मध्ये, उजवीकडे. तिन्ही आकडे सारखे येतील असं समजू नका, नव्या इमारतीतही फरशीला पाव-अर्धा इंच उतार असतो. सगळ्यांत लहान आकडा धरा. तुमच्या हिशोबाने तो ६ + ४८ + ३६ म्हणजे ९० इंच येतो. जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवायचा, ८९.५ उरले. आयलेटचा, म्हणजे रिंगा ठोकलेला पडदा असेल तर तो रॉडच्या वरही दीड इंच उभा राहतो. म्हणून तयार पडद्याची लांबी ९१ इंच. कापताना वरच्या दुमडीला साडेचार आणि खालच्या दुमडीला साडेचार धरा. झाले १०० इंच.

फरशीवरून आठवलं. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, त्रिमूर्तीनगरात एका घराचे अकरा पडदे मी घेतले होते. हॉलमध्ये जुनी फरशी होती, मी माप घेतलं, शिवून ठेवले. मधल्या काळात त्यांनी जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवल्या. लावायला गेलो तर सगळे पडदे जमिनीवर लोळत होते. काकू म्हणाल्या, "भाऊ, हे तर झाडू मारून राहिले!" अकराही पडदे उतरवून, खालची दुमड उसवून पुन्हा शिवले, दोन दिवस गेले, पैसे अर्थातच मागितले नाहीत. चूक माझी होती, फरशीचं काम बाकी आहे का हे मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून माप घेण्याआधी तीन प्रश्न विचारतो: फरशी बदलणार का, पीओपी करणार का, खिडकीशेजारी कपाट येणार का. तुमचंही यातलं काही बाकी असेल तर आधी ते उरकू द्या.

रुंदीचा हिशोब. रॉडच्या दुप्पट कापड हा चांगल्या चुण्यांचा नियम आहे. दीडपटीत पडदा ओढल्यावर सपाट चादरीसारखा दिसतो, झिरझिरीत नेटला मात्र अडीचपट लागतं. तुमच्या रॉडच्या दुप्पट म्हणजे १५२ इंच. बाजारात पडद्याचं कापड मुख्यतः ४८ किंवा ५४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, मिळतं. ४८ च्या पन्ह्यातून दोन्ही कडांची दुमड गेली की ४५ उरतात. तीन पॅनल, म्हणजे कापडाचे उभे तुकडे, घेतले तर १३५, कमी पडतात. चार घेतले तर १८०, भरपूर. चार पॅनल गुणिले १०० इंच म्हणजे ४०० इंच, सव्वादहा मीटर धरा. कापड सुती असेल तर धुतल्यावर ३ टक्के आटेल असं मानून प्रत्येक पॅनलला ३ इंच वाढवा, म्हणजे साडेदहा मीटर.

आता तेच ५४ च्या पन्ह्यात करून पाहा. कडा जाऊन ५१, तीन पॅनलचे १५३, अगदी हवे तेवढे. तिसरं पॅनल उभं मधून कापून दोन्हीकडे अर्धं अर्धं जोडायचं. त्याच्या जोडणीत आणखी दोन-तीन इंच जातात, तेवढ्याने चुण्यांना काही होत नाही. कापड लागतं ३०० इंच, पावणेआठ मीटर. सुती असेल तर आठ. म्हणजे मीटरमागे थोडं महाग असलेलं ५४ पन्ह्याचं कापड शेवटी स्वस्त पडू शकतं. दुकानात गेल्यावर भाव विचारायच्या आधी पन्हा विचारा. तुमच्या दुकानदाराने पन्हा न सांगता मीटर सांगितले, म्हणून त्याचा आकडा बरोबर की चूक हे मलाही इथून ठरवता येत नाही.

मोठी फुलं किंवा पट्टे असलेलं कापड आवडलं असेल तर नक्षी किती इंचांनी पुन्हा येते ते टेपने मोजून घ्या. समजा २४ इंचांनी येते. तुम्हाला हवे १०० इंच, पण शेजारच्या पॅनलवरचं फूल त्याच रेषेत यायला हवं, म्हणून प्रत्येक पॅनल १२० इंचांवर कापावं लागेल. चार पॅनलमागे ८० इंच, म्हणजे दोन मीटर कापड जास्त. उरलेल्या तुकड्यांच्या उशा होतील, पण ते आधी माहीत असलेलं बरं.

रिंगांची संख्या नेहमी सम ठेवायला सांगा. सम असली तर पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात, विषम असली तर एक कड खोलीकडे उघडी राहते. तुमच्या दोन जोड पॅनलच्या एका बाजूला १४ किंवा १६ रिंगा चांगल्या बसतील.

बेडरूमचं प्रकरण वेगळं, आणि आपल्या नागपुरात सगळ्यांत जास्त पडदे इथेच बिघडतात. कूलर बाहेर स्टँडवर असतो, त्याचं तोंड खिडकीतून आत येतं. ते तोंड भिंतीच्या ३-४ इंच आत आलेलं असतं आणि नेहमीचा ब्रॅकेट भिंतीपासून ३ इंचच पुढे असतो. मग पडदा कूलरच्या तोंडावर अडकतो, हवेने फडफडतो, ओला होतो, आणि पावसाळ्यापर्यंत खालच्या कडेला काळे ठिपके येतात. माप घेताना कूलर नसतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. यावर माझा उपाय असा: दुहेरी ब्रॅकेट घ्या. मागच्या रॉडवर काही लावू नका, किंवा कूलर काढल्यावर नेट लावा. पडदा पुढच्या रॉडवर, भिंतीपासून सहा इंचांवर. पडद्याची लांबी जमिनीपर्यंत नको, कट्ट्याच्या खाली ४-५ इंच पुरे. आणि भिंतीत दोन हूक ठोकून घ्या, कूलर चालू असताना दोन्ही पल्ले पट्टीने बाजूला बांधून ठेवायला. कापड पॉलिएस्टर किंवा मिश्र सुताचं घ्या, लवकर वाळतं. मागे रबरी थर दिलेलं ब्लॅकआउट कापड या खिडकीला नको. ओलावा आणि ऊन आळीपाळीने लागलं की तो थर चिकट होतो, भेगाळतो, मग पापुद्रे सुटतात. अंधार हवाच असेल तर दाट विणीचं ब्लॅकआउट घ्या, त्याला थर नसतो.

कूलरशी जोडलेली आणखी एक गोष्ट लोक पडद्याशी जोडतच नाहीत. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेवढीच हवा बाहेर जायला वाट हवी. ती बहुधा समोरच्या खिडकीतून जाते. त्या खिडकीवर जड, जमिनीपर्यंतचा पडदा पूर्ण ओढला की वाट बंद होते, खोली दमट होते, अंगाला चिकट वाटतं, आणि दोष कूलरला जातो. तुमच्या बेडरूमची हवा हॉलच्या खिडकीतून निघत असेल, तर तिथे अस्तराच्या पडद्यामागे हलकी नेट ठेवा. काच वीतभर उघडी ठेवा, संध्याकाळी ऊन उतरलं की जड पडदा बाजूला करून फक्त नेट ओढा. यासाठी हॉललाही दुहेरी ब्रॅकेट लागेल. ७६ इंचांच्या रॉडला अडीचपट म्हणजे १९० इंच नेट. पण नेट बहुधा ११० इंचांच्या पुढच्या पन्ह्यात मिळते, त्यामुळे दोन पॅनलमध्ये काम होतं.

तयार पडद्यांचं विचारलंत. ते ५, ७ आणि ९ फुटांत येतात. हॉलला ७ फुटी, म्हणजे ८४ इंची लावला तर तो जमिनीपासून साडेसात इंच वर लटकेल. तुमच्या खिडकीचं डोकंच ७ फुटांवर आहे, त्यामुळे रॉड खाली आणायलाही जागा नाही. ९ फुटी घेऊन १७ इंच कापावा लागेल, ते चालतं, कापायची मजुरी फार नसते. पण कापल्यावर खालची नक्षी जाते, म्हणून साधा एकरंगी घ्या. बेडरूमसाठी मात्र ५ फुटी तयार पडदा अगदी बरोबर बसतो: चौकटीच्या ६ इंच वर रॉड लावला तर तो कट्ट्याच्या साडेचार इंच खाली येतो. तिथे शिवून घेण्याचा खर्च वाचवा. एक पॅनल साधारण ४ फूट रुंद असतं, त्या खिडकीला तीन लागतील, दोन नव्हे.

स्वयंपाकघराच्या खिडकीला गॅसजवळ लांब पडदा लावू नका, अर्धा, आखूड, सुती पुरे.

कापड घ्यायला गांधीबाग किंवा इतवारीत जाल तेव्हा आवडलेल्या कापडाचा हातभर नमुना मागून घ्या. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली राखाडी दिसणारं कापड पश्चिमेच्या उन्हात हिरवट निघालेलं मी पाहिलंय. नमुना एक दिवस तुमच्याच खिडकीत टांगा, सकाळी, दुपारी चारला आणि रात्री बघा. पसंत पडलं की सगळं कापड एकाच दिवशी, एकाच थानातून घ्या. आठवड्याने उरलेले दोन मीटर आणायला गेलात तर रंगाची छटा बदललेली असते, आणि शेजारी-शेजारी टांगल्यावर ती लपत नाही. सुती कापड घेतलंत तर कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, वाळवा, मग शिंप्याकडे द्या.

शिंप्याला सांगा की खालची दुमड पक्की करू नको. कच्च्या टाक्याने घालून पडदे आठवडाभर लटकू द्या. जड कापड स्वतःच्या वजनाने अर्धा-पाऊण इंच खाली येतं, प्रत्येक पॅनल वेगवेगळं येतं. आठ दिवसांनी रॉडवर असतानाच टाचण्या लावून रेषा सारखी करायची, मग उतरवून टीप मारायची. घाई केली तर हे काम कुणी करत नाही, म्हणून दिवाळीच्या तीन आठवडे आधी कापड शिंप्याच्या हाती पडेल असं बघा.

आणि जुना कूलर सोबत नेणार असाल तर त्याचं तोंड किती इंच आत येतं ते मोजून मला कळवा. बेडरूमचा ब्रॅकेट सहा इंचांचा की आठचा, ते त्यावर ठरेल.